लेकीला पार्क्स अँड रिक्रिएशन शिकायचंय: नॉर्थ कॅरोलिनात खरं स्वस्त कुठे पडेल?

सांगलीची_केरीत

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबणार आहे, पण आकडे समोर मांडल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

आम्ही मूळचे सांगलीचे, अकरा वर्षांपासून नॉर्थ कॅरोलिनातल्या केरी गावात. लेक अकरावीत आहे, डिसेंबरमध्ये सतरा पूर्ण झाली. तिला पार्क्स अँड रिक्रिएशन मॅनेजमेंटची डिग्री करायची आहे. सांगलीला बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे आमराईवर देखरेख करणारा अधिकारी असतो, तसं काही का?" मी हो म्हटलं. ते फारसं चुकीचं नाही.

दोन वर्षं ती दर शनिवारी सकाळी इथल्या हेमलॉक ब्लफ्स नावाच्या राखीव जंगलात व्हॉलंटिअर म्हणून जाते. मागच्या महिन्यात मलाही घेऊन गेली. लाकडी जिन्यानं खाली उतरवलं, हेमलॉकची एक फांदी हलकेच उलटी केली आणि पानांची मागची बाजू दाखवली. सुईसारख्या प्रत्येक पानाखाली दोन बारीक पांढऱ्या रेघा. म्हणाली, "आई, हे झाड इथलं नाही गं. इथून दोनशे मैलांवर, पश्चिमेच्या डोंगरात असतं. इथे कड्याचं तोंड उत्तरेला आहे, ऊन कमी लागतं, गारवा टिकतो, म्हणून तगलंय." मग जिन्याच्या फळ्या दाखवल्या. पावसानंतर वाट कधी बंद करायची, शाळेच्या सहली कुठल्या दिवशी घ्यायच्या, फळी कुजली तर पैसे कुठल्या खात्यातून काढायचे, हे सगळं ठरवणारं माणूस तिला व्हायचंय. मॉरिसव्हिलच्या ज्या चर्च स्ट्रीट पार्कवर २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले, ते मैदानही टाउनचं पार्क्स खातंच सांभाळतं. तिथे सामना बघताना तिचं लक्ष बॅटिंगपेक्षा रोलर फिरवणाऱ्यांकडे जास्त होतं.

त्यामुळे विषय कुठला, हा प्रश्न आमच्यापुरता मिटलाय. प्रश्न पैशांचा आहे. एका वहीत मांडणी केली आहे, ती अशी.

वेस्टर्न कॅरोलिना युनिव्हर्सिटी, कलवी. इथे हाच विषय आहे आणि स्मोकी माउंटन्स जवळ. २०१८ पासून 'एनसी प्रॉमिस' योजनेत आहे, म्हणजे राज्यातल्या मुलांना ट्युशन सेमिस्टरला फक्त ५०० डॉलर. वर्षाला हजार! हे वाचलं तेव्हा मी नवऱ्याला ऑफिसात फोन केला.

एनसी स्टेट (नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी), रॉली. पार्क्स, रिक्रिएशन अँड टूरिझम मॅनेजमेंटचा स्वतंत्र विभाग आहे, नाव मोठं. राज्यातल्यांची ट्युशन २०२५ पर्यंत बरीच वर्षं ६,५३५ वर थांबलेली होती, इतर फी धरून वर्षाला नऊ हजारांच्या आसपास.

क्लेमसन शेजारच्या राज्यात, या विषयात नावाजलेलं. बाहेरच्यांना फक्त ट्युशन आणि फीच चाळीस हजारांच्या घरात. ते पान मी मिटलं.

आता अडचण. आम्ही अजून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, लेक एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर, ज्यावर तिला पगारी काम करता येत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत, नंबर कधी लागेल ते तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. गेल्या उन्हाळ्यात तिला समर कॅम्पवर पगारी काम देऊ केलं होतं. फॉर्म भरायला बसली आणि कामाच्या परवानगीच्या रकान्याशी थांबली. तिच्या तिन्ही मैत्रिणी त्या कॅम्पवर गेल्या. ती काही बोलली नाही, शनिवारी नेहमीसारखी ब्लफ्सवर गेली.

माझा हिशेब सांगतो की वेस्टर्न कॅरोलिना सगळ्यात स्वस्त. पण हिशेब इतका सोपा निघाला की मला भीती वाटते, काहीतरी सुटतंय. ज्यांची मुलं या वाटेनं गेली आहेत किंवा जे स्वतः या क्षेत्रात आहेत, त्यांनी कृपया सांगा.

---

मैदानवाला

ताई, मी या राज्यातल्या एका टाउनच्या पार्क्स खात्यात चौदा वर्षं आहे. आधी हिशेबनीस होतो, आता मैदानांचं काम बघतो. पैशांचं इतर लोक सांगतील, मी नोकरीच्या बाजूनं बोलतो, कारण डिग्री स्वस्त की महाग हे शेवटी तिथेच कळतं.

पहिली गोष्ट मान्यतेची. या विषयाच्या डिग्रीला सीओएपीआरटी नावाच्या कौन्सिलची मान्यता असते, काही कॉलेजांना आहे, काहींना नाही. कॉलेज निवडण्याआधी त्यांची यादी स्वतः बघा. मान्यताप्राप्त डिग्री असली की सीपीआरपी या व्यावसायिक परीक्षेला थेट बसता येतं. डिग्री दुसऱ्या विषयाची असेल तर आधी काही वर्षं कामाचा अनुभव दाखवावा लागतो. आमच्याकडे वरच्या जागांच्या जाहिरातीत सीपीआरपी हमखास लिहिलेलं असतं.

दुसरं म्हणजे कॉलेजच्या नावाला आमच्याकडे फारसं कुणी विचारत नाही. मी मुलाखतीला बसतो तेव्हा विचारतो, चाळीस मुलांच्या कॅम्पवर वीज कडाडायला लागली तर काय कराल? पिकलबॉलच्या आवाजानं वैतागलेले शेजारी सभेत उभे राहिले तर त्यांना काय सांगाल? मैदान भाड्यानं देऊन येणारा पैसा आणि गवत कापायचा खर्च यांचा ताळा जमवता येतो का? हे शिकायला चाळीस हजारांचं कॉलेज लागत नाही. दोन वर्षं दर शनिवारी न चुकता ब्लफ्सवर जाणारी मुलगी माझ्यासमोर आली तर माझा अर्धा निर्णय तिथेच झालेला असेल.

तिसरी गोष्ट कडू आहे, पण आत्ताच सांगतो. नॅशनल पार्क सर्व्हिसची नोकरी अमेरिकन नागरिकालाच मिळते. एच-४ किंवा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा तर सोडाच, ग्रीन कार्डवरही नाही. लेकीच्या मनात तो हॅटवाला रेंजर असेल तर ते आज घरात बोलून घ्या. शिवाय नागरिकांनाही तिथे सध्या स्थैर्य नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या खात्यातून प्रोबेशनवरच्या सुमारे हजार लोकांना एकदम काढलं, पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि काहींना परत घेतलं. टाउन, काउंटी आणि स्टेट पार्कमध्ये नागरिकत्वाची सरसकट अट नसते, कामाचा वैध परवाना लागतो. पण एच-१बी स्पॉन्सर करून कुणाला घेतलेलं मी माझ्या चौदा वर्षांत माझ्या खात्यात पाहिलेलं नाही.

मुलीला माझा नमस्कार सांगा. रोलर फिरवणाऱ्यांकडे बघणारी माणसं कमी असतात.

---

ओहायोची_अनघा

आमच्या मुलानं याच विषयाची डिग्री केली, दोन वर्षं झाली. तो इथेच जन्मला, त्यामुळे व्हिसाची कटकट नव्हती. तरी एक खड्डा आम्हाला दिसला नाही. त्याबद्दलच लिहिते.

इंटर्नशिप. मान्यताप्राप्त डिग्रीला किमान ४०० तासांची, दहा आठवड्यांपेक्षा कमी नाही अशी इंटर्नशिप करावी लागते. ही अट आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होती. ती उन्हाळ्यात केली तर तिच्या क्रेडिटचं (डिग्रीसाठी मोजल्या जाणाऱ्या अभ्यासाच्या एककांचं) बिल वेगळं येतं, हे कॉलेजनं कुठेच ठळक सांगितलं नव्हतं. म्हणजे पोरगं कोलोरॅडोत दहा आठवडे बिनपगारी राबतंय, तिथल्या खोलीचं भाडं आम्ही भरतोय, आणि त्या राबण्याचे पैसे कॉलेजला पण आम्हीच देतोय. गाडीचं पेट्रोल वेगळं. तो फोनवर सांगायचा, आज बारा मैल वाट साफ केली, आणि मी इकडे क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट बघत बसलेली असायची. तो खूश होता. म्हणून मी त्याला शेवटपर्यंत काही बोलले नाही.

प्रत्येक कॉलेजला तीन गोष्टी लेखी विचार: इंटर्नशिपचे क्रेडिट किती, ती नियमित सेमिस्टरमध्ये करता येते का, आणि त्यांच्या गेल्या बॅचमधल्या किती मुलांना पगारी मिळाली. तिसऱ्याचं उत्तर देताना जे घुटमळतात, तिथे जरा जपून.

ज्यांची मुलं नागरिक किंवा ग्रीन कार्डवर आहेत त्यांच्यासाठी: अमेरिकॉर्प्स या सरकारी सेवा-योजनेतून पार्कमध्ये वर्षभर पूर्णवेळ काम केलं, म्हणजे १,७०० तास, तर शिक्षणासाठी पेल ग्रँट या सरकारी अनुदानाच्या कमाल रकमेइतकी रक्कम मिळते. गेली काही वर्षं ती ७,३९५ डॉलर आहे. माझा मुलगा आधी हे करून मग कॉलेजला गेला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

---

सांगलीची_केरीत

मैदानवाला दादा, तुमचं उत्तर रात्री लेकीला वाचून दाखवलं. नागरिकत्वाचं ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "स्टेट पार्कमध्ये पण झाडं असतात." आणि वर गेली. मी तिच्या मागे गेले नाही.

अनघा, इंटर्नशिपचा रकाना माझ्या वहीत नव्हताच. आज घातला. एच-४ वर पगारी इंटर्नशिप चालणार नाही, म्हणजे त्या ४०० तासांचं काय करायचं हा आणखी एक प्रश्न उभा राहिला.

---

डोंगरवाट_२४

मावशी, मी स्वतः या वाटेनं गेले आहे. वय २४, या राज्यातल्याच एका स्टेट पार्कमध्ये सीझनल काम करते. आम्हाला ग्रीन कार्ड मिळालं तेव्हा मी दहावीत होते, त्यामुळे व्हिसाबद्दल मी बोलत नाही.

तुमच्या वहीत एक रकाना सुटलाय: रोज रात्री झोपायचं कुठे.

कलवी तुमच्या घरापासून साडेचार-पाच तास. ट्युशन हजार असली तरी इतर फी तिच्या तिपटीहून जास्त होते (त्यात पुस्तकं भाड्यानं मिळतात, हे चांगलं आहे), आणि खोली व जेवण वर्षाला दहा हजारांच्या वर. एनसी स्टेट तुमच्या घरापासून वीस मिनिटं. ती घरी झोपली, घरचा डबा नेला, तर नऊ हजारांत वर्ष निघतं. म्हणजे हजार डॉलरवाल्या कॉलेजला चौदा-पंधरा हजार आणि साडेसहा हजारवाल्याला नऊ. मीही आधी तुमच्यासारखीच फसले होते. त्या ५०० च्या आकड्यापुढे बाकी काही दिसतच नाही.

मी काय केलं ते सांगते. पहिली दोन वर्षं घरी राहून कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज. राज्यातल्यांना क्रेडिटला ७६ डॉलर, सेमिस्टरला १५ क्रेडिट म्हणजे १,१४०, दोन वर्षांचे ४,५६०. नुसती ट्युशन बघितली तर हे वेस्टर्न कॅरोलिनापेक्षा महाग आहे, पण माझी गादी आणि आईची आमटी फुकट होती. राज्यातली कम्युनिटी कॉलेजं आणि सरकारी युनिव्हर्सिटी यांच्यात करार आहे, तिथली दोन वर्षांची असोसिएट डिग्री पुरी केली की तिसऱ्या वर्षात प्रवेश धरतात. फक्त एक सांभाळा: या विषयातले काही कोर्स एकापाठोपाठ एकच घ्यावे लागतात आणि दर सेमिस्टरला नसतात. मी ते आधी विचारलं नाही आणि माझं एक सेमिस्टर जास्त गेलं.

आणि मावशी, तिला आत्ताच, शाळेत असतानाच कम्युनिटी कॉलेजचे कोर्स घेऊ द्या. 'करिअर अँड कॉलेज प्रॉमिस' म्हणून योजना आहे, शाळकरी मुलांना ट्युशन माफ. इंग्लिश १११, बायॉलॉजी १११, स्टॅटिस्टिक्सचा मॅथ १५२, हे तिन्ही पुढे सगळ्या सरकारी युनिव्हर्सिटींत चालतात. बारावीच्या वर्षात पाच कोर्स झाले तर एक सेमिस्टर खिशात.

पगाराचं खरं सांगू का? सीझनल म्हणजे तासावर, आरोग्यविमा नाही, नोव्हेंबरमध्ये काम संपतं. पण डोक्यावर कर्ज नाही, म्हणून मी हे काम करू शकते. माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण बाहेरच्या राज्यातून मोठं कर्ज काढून आली होती. तिला पार्कमधली जागा मिळाली तरी घेता आली नाही. ती आता बँकेत आहे.

---

रांगेतला_बाप

ताई, मी तुमच्या पुढे तीन वर्षं आहे, म्हणून लिहितो. थोरला कॉलेजात असताना २१ चा झाला.

तुमची लेक पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये कॉलेजला जाईल. डिसेंबरचा वाढदिवस म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर २१ पूर्ण. त्या दिवशी एच-४ संपतं. एफ-१ घ्यावं लागतं. या राज्यात एच-४ वाल्यांना रहिवासी धरतात, एफ-१ वाल्यांना नाही. सहावं, सातवं, आठवं सेमिस्टर बाहेरच्या दरानं.

माझ्या मुलाचं कॉलेज वेगळं, नाव सांगत नाही. बिल उघडलं तेव्हा आम्हाला वाटलं, चुकून दुसऱ्याचं आलंय. पोरगं तेच, वर्ग तोच, खोली तीच. त्यानं त्या रात्री मला विचारलं, "बाबा, मी सोडून देऊ का?" बारा वर्षं या राज्यात शाळा शिकलेला मुलगा. आम्ही सोडू दिलं नाही, गावची जमीन विकली.

आता तुमची वही घ्या. एनसी स्टेटला बाहेरच्यांचा वर्षाचा खर्च तीस हजारांच्या वर. म्हणजे घरी राहूनही शेवटची तीन सेमिस्टर मिळून पंचेचाळीस हजारांच्या पुढे. आणि एनसी प्रॉमिस सुरू झालं तेव्हा त्यात राज्याबाहेरच्यांसाठी दर ठरला होता सेमिस्टरला २,५००. तुमच्या वर्षी तो किती असेल आणि एफ-१ वाल्यांना तसाच लागू होतो का, हे कलवीच्या ऑफिसातून ईमेलवर घ्या, फोनवर नको. तसाच असेल तर ट्युशनचा फटका तीन सेमिस्टर मिळून साडेसात हजारांत निभावतो.

माझ्या मते तुमच्या लेकीसाठी वाट अशी: शाळेतच जमतील तितके फुकटचे कोर्स, मग घरी राहून कम्युनिटी कॉलेज, आणि शेवटी कलवी. खोली-जेवणाचे पैसे दोनच वर्षं लागतील आणि ती जिथे २१ ची होईल तिथे बिल अंगावर कोसळणार नाही. शाळेतल्या कोर्सनी एक सेमिस्टर जरी वाचलं तरी बाहेरच्या दराचं एक सेमिस्टर कमी. नागरिक मुलीसाठी मी हा सल्ला दिला नसता, तिच्यासाठी घरून एनसी स्टेट करणं सरळ आहे.

इंटर्नशिपबद्दल: एफ-१ वर गेल्यानंतर अभ्यासक्रमातली अनिवार्य इंटर्नशिप सीपीटी या शिकतानाच्या कामाच्या परवानगीखाली पगारी करता येते, कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसची आधी परवानगी घेऊन. म्हणून ती शेवटच्या वर्षात टाका, आधी उरकू नका. आणखी एक, हे मला उशिरा कळलं: डिग्रीनंतर ओपीटी या कामाच्या परवानगीवर सगळ्यांना एक वर्ष मिळतं. आणखी दोन वर्षं मिळतात ती स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतल्या विषयांना. पार्क्स अँड रिक्रिएशन त्या यादीत नाही, फॉरेस्ट्री आहे. दुहेरी मेजर झेपत असेल तर विचार करा. एफ-१ चा अर्ज मात्र वकिलाला विचारून, वाढदिवसाच्या बरंच आधी.

---

सांगलीची_केरीत

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू. काल रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर वही उघडून तिघं बसलो. नवऱ्यानं नवीन पानावर तीन रकाने आखले: ट्युशन, झोपायची जागा, एकविसाव्या वाढदिवसानंतर. रकाना बदलला की स्वस्त कॉलेज बदलत होतं. पहिल्यात कलवी, दुसऱ्यात रॉली, तिसऱ्यात परत कलवी.

रांगेतले दादा, जमिनीचं वाचून नवरा उठून गॅलरीत गेला. थोड्या वेळानं आत आला आणि म्हणाला, आपल्याला तीन वर्षं आधी कळलं ते या माणसामुळे.

ठरलं ते असं. बारावीत पाच कोर्स, डोंगरवाट म्हणाली त्यातले तिन्ही धरून. शाळेच्या काउन्सेलरची सोमवारची वेळ घेतली आहे. मग कम्युनिटी कॉलेज. कलवीला तीन प्रश्नांचा ईमेल लेकीनं स्वतः लिहिला: अनघाचा इंटर्नशिपचा, एफ-१ च्या दराचा, आणि मैदानवाला दादांचा मान्यतेचा. चौथा तिनं आपणहून घातला, फॉरेस्ट्रीचे कुठले कोर्स जोडीला घेता येतात. तो मी पाठवताना वाचला.

डोंगरवाट, तुझ्या पार्कला एखाद्या रविवारी आम्ही आलो तर चालेल का? ती विचारतेय की तुझ्याकडचे हेमलॉक कसे आहेत. पांढऱ्या कापसासारखी कीड लागते म्हणे त्यांना, पानांच्या मुळाशी. तिला ती प्रत्यक्ष बघायची आहे.